गरज एकाला, सुई दुसऱ्याला

कोल्हापुरात मेडिकलचं दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या आवाजावरूनच बरंच काही कळतं. पंचविशीचा, दंड फुगलेला पोरगा येतो आणि टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचं नाव ब्रँडसकट, मोठ्यानं घेतो. चिठ्ठी मागितली की हसतो. ‘भावा, जिमच्या सरांनी सांगितलंय.’ आणि खरोखर चिठ्ठी घेऊन आलेला पंचेचाळिशीचा माणूस दुकान रिकामं व्हायची वाट बघत कडेला उभा राहतो, कागद घडी केलेलाच पुढे सरकवतो. ज्याला औषधाची गरज नाही तो छाती काढून मागतो आणि ज्याला आहे तो खाली मान घालून. या औषधाबद्दलचे जवळपास सगळे गैरसमज या उलट्या कारभारातून येतात, असं माझं मत आहे. आपण टेस्टोस्टेरॉनला हार्मोन समजतच नाही. मर्दानगीचं मार्कशीट समजतो.

यात आपल्या गावाचा वाटा थोडा जास्तच. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींचं हे शहर, शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाचं शहर. तालमीत वस्तादांनी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट पोरांच्या मनावर ठसवली, लंगोटाचा पक्का राहा. वीर्य राखलं की अंगात बळ राहतं, असा तो हिशेब. पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराचं चित्त ठिकाणावर राहावं म्हणून ही शिस्त असेल तर तिला माझा नमस्कार. पण शरीरशास्त्र म्हणून हिशेब चुकतो. टेस्टोस्टेरॉन वृषणातल्या लायडिग पेशी बनवतात आणि ते थेट रक्तात जातं. शुक्राणू तयार होतात शेजारच्या बारीक नलिकांमध्ये. वीर्याचा बहुतेक द्रव तर तिथला नसतोच, तो शुक्राशय आणि मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. तालमीतून जिममध्ये आलेल्या पिढीनं लंगोट सोडला, हिशेब मात्र तोच ठेवला. अंगातलं बळ, अंथरुणातली ताकद आणि पोरं होण्याची क्षमता हे सगळं एकच, आणि त्याचं नवं नाव टेस्टोस्टेरॉन. मग ते बाहेरून टोचलं की तिन्ही वाढणार, असं पोराला वाटलं तर त्याला दोष तरी किती द्यायचा?

प्रत्यक्षात तिसऱ्या गोष्टीच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू तयार होणंच थांबवतं. गच्चीवरची टाकी टँकरनं भरली की फ्लोट वर येतो आणि बोअरची मोटर आपोआप बंद पडते, तसं हे आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सतत चाचपत असते. सुईतून भरपूर आलंय हे कळलं की ती एलएच आणि एफएसएच ही आपली दोन हार्मोन्स सोडायचं थांबवते. एलएचवर वृषणातलं टेस्टोस्टेरॉन अवलंबून आणि एफएसएचवर शुक्राणूंची वाढ. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं आणि तेवढं दंडावर किंवा कुल्ल्यावर टोचलेल्या सुईतून तिथं पोचत नाही. वृषणं आकसतात. रिपोर्टमध्ये रक्तातलं टेस्टोस्टेरॉन झकास आणि शुक्राणू शून्य.

ही काही नवी माहिती नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनच टेस्टोस्टेरॉन तपासलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं गेलं. २७१ पैकी १५७ जणांचे शुक्राणू सहा महिन्यांच्या आत पूर्ण शून्यावर आले. (बाकीच्यांचे आले नाहीत, हेही लक्षात ठेवा. ‘सुई चालू आहे, काळजी नको’ म्हणणारे शहाणेही मी ऐकलेत.) जिममध्ये चालणारे डोस याहून मोठे असतात आणि त्याबरोबर आणखी दोन-तीन औषधं असतात. तरीही मूल हवं म्हणून दवाखान्यात गेलेल्या पुरुषाला ‘ताकद येईल’ म्हणून हेच इंजेक्शन लिहून दिलेली चिठ्ठी माझ्या काउंटरवर आलेली आहे. गैरसमज फक्त जिममध्ये आहे असं समजू नका.

आणि याची किंमत कोण मोजतं? लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलला नाही की तपासणी सुनेपासून सुरू होते. रक्त, सोनोग्राफी, मग नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे, जो चांगलाच दुखतो. दर महिन्याला पाळीच्या दिवसांप्रमाणे गोळ्या. जोतिबाला नवस. नवऱ्याचं वीर्य तपासू या असं डॉक्टर म्हणाले की घरातून आवाज येतो, ‘आमचा पोरगा बघितलासा न्हवं, कसा वाघासारखा हाय!’ ते दंडच पुरावा ठरतात. ज्या सुईनं दंड आले तिनंच शुक्राणू घालवले, हे त्या घरात फक्त एकाला माहीत असतं आणि त्यालाही त्या दोन गोष्टींचा संबंध माहीत नसतो. वीर्यतपासणी ही काही शे रुपयांची, न टोचता, न दुखता होणारी तपासणी आहे. ती सगळ्यात शेवटी होते. टेस्टोस्टेरॉनबद्दलचा हा गैरसमज पुरुषांचा खासगी मामला आहे असं म्हणणाऱ्यांनी त्या सुनेच्या फायलीची जाडी बघावी.

सुई थांबवली की बहुतेकांचे शुक्राणू परत येतात. कुणाला सहा महिने, कुणाला वर्ष, काहींना दोन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पण हे आकडे ठरलेल्या मापात, ठरलेल्या मुदतीपुरतं टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या निरोगी पुरुषांचे आहेत. पाच-सहा वर्षं मिळेल ते टोचत राहिलेल्याला तीच हमी कुणी देऊ नये.

आता एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे, कारण ती लपवली की पोरं आपलं बाकीचंही ऐकत नाहीत. ‘इंजेक्शननं काही होत नाही, नुसतं पाणी भरतं’ हे खोटं आहे. होतं. शलेंदर भसीन या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत केलेला १९९६चा प्रयोग प्रसिद्ध आहे. निरोगी तरुणांना दहा आठवडे, आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. ज्यांनी नुसती सुई घेतली आणि व्यायाम केला नाही, त्यांचेही स्नायू सुई न घेता घाम गाळणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले. पोरांना हे माहीत आहे, युट्यूबवर सगळं असतं. त्यांना जे माहीत नाही ते असं की हा उपचाराचा डोस नव्हे. ज्याच्या शरीरात हे हार्मोन तयारच होत नाही त्याला आठवड्याला साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅमच्या मापानं दिलं जातं, रक्तातली पातळी निरोगी माणसाइतकी यावी एवढ्यापुरतं. त्याला म्हणतात टेस्टोस्टेरॉन बदली उपचार, इंग्रजीत टीआरटी. सहापट, आठपट टोचणं हा उपचार नसतो, आणि जिमवाल्यानं त्याला ‘टीआरटी’ असं डॉक्टरी नाव दिलं म्हणून तो उपचार होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाटलीतून येतात म्हणून एकाची बदनामी दुसऱ्याला चिकटते आणि दुसऱ्याची प्रतिष्ठा पहिल्याला.

याच गोंधळात आणखी एक औषध घुसलंय, मेफेंटरमिन. पोरं त्याला ‘टर्मिन’ म्हणतात. त्याचा आणि टेस्टोस्टेरॉनचा काडीचा संबंध नाही. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायचं ते औषध आहे. ते जिममधल्या आणि कुस्तीतल्या पोरांना विकणाऱ्यांवर महाराष्ट्रात कारवाया झाल्याच्या बातम्या येत असतात. ‘स्टिरॉइड नाय ओ, साधं टर्मिन हाय’ असं सांगून घेणारे भेटतात. हृदयाचे ठोके घोड्यासारखे पळवणारं औषध साधं कसं, हे त्यांना विचारून उपयोग नसतो.

तरुणांबद्दल एवढं बोललो, पण खप वाढतोय तो चाळिशीच्या पुढच्यांत. इथं गैरसमज वेगळा आहे. दमायला होतं, चिडचिड होते, पोट सुटलंय, इच्छा कमी झालीय, म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी. मोबाईलवर जाहिरात येते, ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये एक आकडा ठळक छापून येतो आणि माणूस तो आकडा घेऊन काउंटरवर येतो. तो आकडा कधी घेतला? दुपारी चारला, जेवण करून, ऑफिसातून येता येता. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवस कलेल तसं उतरतं, आणि जेवल्यावरही खाली येतं. म्हणून तपासणी सकाळी, उपाशीपोटी करायची, आणि कमी आली तर वेगळ्या दिवशी पुन्हा करायची, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ताप, मोठं आजारपण, ऑपरेशन यांच्या दिवसांत तर करूच नये. गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून किंवा इचलकरंजीच्या मागावरून रात्रपाळी करून थेट लॅबमध्ये गेलेल्या माणसाची ‘सकाळ’ ही सकाळ नसते, हेही कुणी विचारत नाही.

आकडा किती असावा यावरही भांडण लावता येतं. वजन आटोक्यात असलेल्या, १९ ते ३९ वयाच्या निरोगी पुरुषांमध्ये तो डेसिलिटरला २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम एवढ्या मोठ्या पट्ट्यात सापडतो. म्हणजे ३५० वाला ७०० वाल्याच्या निम्मा मर्द आहे असं काही नसतं, दोघंही निरोगी. पण मार्कशीट म्हटली की पस्तीस टक्के कोण खपवून घेणार? आणि नुसता आकडा कमी असणं पुरेसं नाही. त्याबरोबर लक्षणंही हवीत. सकाळी लिंगात ताठरता न येणं, इच्छा स्पष्टपणे घटणं, दाढी-अंगावरचे केस विरळ होणं, हाडं ठिसूळ होणं. लक्षणं आणि दोन वेळचा कमी आकडा असं दोन्ही जमलं तरच निदान, आणि मग कारण वृषणात आहे की पिट्युटरीत हे शोधायला एलएचची तपासणी. पिट्युटरीत लहानशी गाठ असेल तर टेस्टोस्टेरॉन देऊन आपण गाठीवर पांघरूण घालतो.

मग दमणूक कशाची? बहुतेक वेळा झोपेची, वाढलेल्या वजनाची, साखरेची. शिकागोत झालेल्या एका छोट्या प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसभरातलं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. पोट सुटलं की ते घटतं, वजन उतरवलं की बऱ्याच जणांचं सुईशिवाय वर येतं. पण वजन उतरवा म्हणणारा डॉक्टर कुणाला आवडतो? तांबडा-पांढरा सोडायचा, रात्री रंकाळ्यावर खाऊगल्लीऐवजी चालायला जायचं, त्यापेक्षा एक सुई परवडली. गंमत अशी की निव्वळ थकव्यावर ही सुई फारशी चालतही नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ६५च्या पुढच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर कातडीवर लावायचं टेस्टोस्टेरॉनचं जेल किंवा बिनऔषधाचं जेल दिलं. लैंगिक इच्छा आणि क्रिया माफक सुधारली. उत्साह, तरतरी म्हणतात त्यात ठळक फरक पडला नाही. इथं ‘नाद खुळा’ म्हणावं असं काही घडलं नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस औषधाच्या विरोधात आहे. नाही. ज्यांना खरी गरज आहे त्यांना हे औषध मिळत नाही, ही माझी दुसरी तक्रार आहे, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

क्लाइनफेल्टर सिंड्रोम घ्या. पुरुषात एक्स-वाय ऐवजी एक्स-एक्स-वाय अशी गुणसूत्रं असतात. उंची बऱ्यापैकी, वृषणं बारीक, दाढी विरळ, कधी छाती थोडी वाढलेली. पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकाला हे असतं आणि बहुतेकांचं निदान जन्मभर होत नाही. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात पुरुष होते साधारण १९ लाख ८० हजार. कागदावर गणित केलं तर दोन ते चार हजार जण निघतात. कुठे आहेत ते? ते आहेत. गल्लीत त्यांना नावं ठेवली जातात, तालमीत ते पाय ठेवत नाहीत, घरचे ‘लग्न केलं की होईल नीट’ म्हणून बार उडवून देतात. त्यांच्याबरोबर गालफुगीत वृषणं सुजलेले, कॅन्सरच्या उपचारांनंतर वृषणं निकामी झालेले, पिट्युटरीचं ऑपरेशन झालेले असे आणखी. यांच्यासाठी टेस्टोस्टेरॉन ही चैन नाही. हाडं टिकावीत, रक्त भरावं, स्नायू राहावेत यासाठी ते बहुधा जन्मभर लागतं, थायरॉइडची गोळी लागते तसंच. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईला कुणी अर्धी बाई म्हणत नाही.

या माणसाला थांबवते लाज, आणि लाजेतून सुटला की भीती. प्रोस्टेटचा कॅन्सर होतो म्हणे, हार्ट अटॅक येतो म्हणे. पहिल्या भीतीचं मूळ जुनं आहे. १९४१ साली शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये वृषणं काढली की आजार मागे हटतो. या कामासाठी त्यांना १९६६चं नोबेल मिळालं. त्यावरून उलटा निष्कर्ष काढला गेला, की टेस्टोस्टेरॉन दिलं तर कॅन्सर होणारच. ज्याला कॅन्सर आहे त्याला ते देऊ नये, हे आजही बरोबर. पण नसलेल्याला ते कॅन्सर लावतं असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं नाही.

हृदयाचा प्रश्न जास्त खडतर होता. भीती एवढी वाढली की २०१५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कंपन्यांना मोठी चाचणी करायला लावली. ती २०२३ला प्रसिद्ध झाली. वय ४५ ते ८०, टेस्टोस्टेरॉन खरंच कमी, हृदयविकार असलेले किंवा धोका असलेले, असे ५,२०० हून जास्त पुरुष. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू औषध घेणाऱ्यांत ७ टक्के, न घेणाऱ्यांत ७.३ टक्के. म्हणजे फरक नाही. पण ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी अडकणं आणि मूत्रपिंडाला इजा हे औषधाच्या गटात थोडं जास्त दिसलं, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी औषध मध्येच सोडलं होतं. २०२५मध्ये त्याच प्रशासनानं झटक्याचा ठळक इशारा लेबलवरून काढायला सांगितला आणि रक्तदाब वाढतो हा इशारा सगळ्या टेस्टोस्टेरॉन औषधांवर लावायला लावला. हे निष्कर्ष तपासून, मापात, देखरेखीखाली घेणाऱ्यांचे आहेत. जिमवाल्यांनी ते आपल्या भिंतीवर लावू नयेत. देखरेख म्हणजे रक्त घट्ट होतंय का ते बघणं (हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवायचं), पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी करणं, रात्री घोरताना श्वास अडकतो का ते विचारणं. जेल लावत असाल तर हात धुवून, अंग झाकूनच नातवंडाला उचलणं, कारण ते कातडीवरून लेकराच्या अंगात जातं.

मग करायचं काय? कायदे आहेत. ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात १९५४च्या कायद्यानं बंद आहे, आणि तरीही हायवेच्या भिंती त्याच जाहिरातींनी रंगलेल्या आहेत. भिंतीवरच्या आता इन्स्टाग्रामवरही गेल्या, एवढाच सत्तर वर्षांत फरक. अन्न व औषध प्रशासनानं छापे घालावेत, जरूर घालावेत. पण आमच्या धंद्यातल्या लोकांना मी एवढंच म्हणेन की ‘मी नाही दिलं तर शेजारचा देईल’ हे वाक्य शेजारचाही म्हणतोय. चिठ्ठी नसेल तर नाही म्हणायला परवाना जात नाही, गिऱ्हाईक जातं, आणि हे गिऱ्हाईक गेलेलं बरं. लॅबवाल्यांनी टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टवर रक्त किती वाजता घेतलं हे आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापावं. आणि वस्तादांनी, जिमच्या सरांनी लंगोटाच्या शिस्तीबरोबर एवढंही सांगावं की सुईनं कमावलेलं अंग पोरं होऊ देत नाही. पोरं डॉक्टरपेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

वंध्यत्वाच्या दवाखान्यांकडून मला सगळ्यात जास्त अपेक्षा आहे. जोडपं पहिल्यांदा आलं की पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची व्हावी, आणि त्याआधी त्याला एक प्रश्न विचारावा, जिमला जाता का, कधी काही टोचून घेतलंय का. उत्तर ‘हो’ असेल तर सुई थांबवून, गरज पडली तर वृषणांना पुन्हा कामाला लावणारी एचसीजीसारखी औषधं देऊन पुष्कळांचं काम होतं. ज्याला पिट्युटरीच्या बिघाडामुळे खरंच हार्मोनची कमतरता आहे आणि मूलही हवंय, त्याच्यासाठीही टेस्टोस्टेरॉन सोडून हाच रस्ता आहे. फक्त हा प्रश्न विचारताना आईला आणि बायकोला बाहेर बसवावं. त्यांच्यासमोर पोरगा ‘नाही’च म्हणतो आणि डॉक्टर पुढची तपासणी बायकोच्या नावावर लिहितात.